सरळ केलेली दीर्घिका

वेधशाळेत त्याला सगळे रंगारी म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. त्याला ते ठाऊक होतं आणि त्यात त्याला अपमान वाटत नसे. रंगारी निदान खरोखरची भिंत रंगवतो, असं तो बायकोला म्हणायचा. इथे तो सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून आभाळातल्या कुठल्याशा ढगाला निळा आणि तांबडा रंग चढवायचा, आणि संध्याकाळपर्यंत तमाम जनता तो ढग बघून ‘अहाहा’ करायची. काय ही माणसं आणि काय यांचे डोळे!

माणसांच्या डोळ्यांवरून त्याचा विश्वास फार लवकर उडाला होता. बापाचा फोटो स्टुडिओ होता, बाजाराच्या तोंडाशी, वर जिना चढून जावं लागे असा. बाप स्वभावाने लोण्यासारखा. येईल त्याला ‘हसा जरा’ म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पोरगा मात्र मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून बारीक ब्रशाने लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसायचा. नवरीचं नाक निमुळतं कर, नवऱ्याच्या डोक्यावर चार केस वाढव, आजोबांचं बोळकं मिटव. लोक फोटो न्यायला आले की स्वतःच्या चेहऱ्याकडे बघून खूश व्हायचे, आणि तो चेहरा त्यांचा नाही हे एकालाही कळायचं नाही.

एकदा एक बाई आपल्या दोन मोठ्या मुलांना घेऊन आली. नवरा अचानक गेला होता. त्याचा एकच फोटो सापडला होता, कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात नेमके त्याने डोळे मिटलेले. डोळे उघडून द्या, असं तिचं म्हणणं. आता मेलेल्या माणसाचे डोळे कसे होते हे रंगाऱ्याला कोण सांगणार? त्याने त्याच सकाळी फोटो काढून गेलेल्या एका कुलूपवाल्याचे डोळे उचलले आणि तिच्या नवऱ्याला बसवले. ती आली, फोटो हातात घेतला आणि तिथेच बाकावर बसून रडायला लागली. हेच डोळे, म्हणाली, अगदी असेच बघायचे. मुलांनीही माना डोलावल्या. बापाने पोराच्या पाठीवर हात ठेवला. पोरगा मात्र जिन्यावरून खाली गेला आणि रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पहिल्यांदा त्या नजरेने बघत उभा राहिला, जी नजर पुढे जन्मभर त्याच्या तोंडावर चिकटून बसली. जन्मभर ज्याच्यावर जीव पाखडला, त्या नवऱ्याचे आणि बापाचे डोळेसुद्धा या माणसांना ओळखू येत नाहीत!

पुढे बाप गेला. घराघरातल्या फोनने स्टुडिओही खाल्ला. तोवर रंगाऱ्याचा हात संगणकावर बसला होता. वेधशाळेला चित्रविभागात कुणीतरी ‘नजरेत भरेल असं’ काम करणारा हवा होता, तो तिथे चिकटला. दुर्बीण दूर डोंगरावर, पण कचेरी गावातच, लिफ्ट नेहमी बंद असलेल्या इमारतीत. दुर्बिणीतून येणारी चित्रं करडी असत. वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेली तीच तीच करडी चित्रं; त्यातल्या एकाला निळा, एकाला हिरवा, एकाला तांबडा द्यायचा आणि तिन्ही एकावर एक चढवायची. शाळांच्या सहली यायच्या तेव्हा एखादा मास्तर हटकून विचारायचा, तिथे खरंच असे रंग असतात का? रंगारी म्हणायचा, नसतात. मास्तरचं तोंड उतरायचं आणि तो मुलांना पुढच्या दालनात हाकलायचा.

शास्त्रज्ञांबद्दलही त्याचं मत काही वरचं नव्हतं. सूर्यमाला तोंडपाठ, पण जिन्यातला दिवा कुठल्या बटणाने लागतो ते ठाऊक नाही. प्रत्येकाला त्याने मनातल्या मनात नाव ठेवलं होतं. संस्थेचे प्रमुख म्हणजे कॉलरसाहेब, कारण गळ्यापासून वरचा भाग इस्त्रीचा आणि त्याखाली सगळा चुरगळा. आणि तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत बसणारी ती नवी संशोधक, ती बहुधाबाई. तिच्या तोंडून एक वाक्य ‘बहुधा’शिवाय निघेल तर शपथ. आज पाऊस पडेल का म्हणून विचारलं, तर बाहेर पडत असलेल्या पावसाकडे बघून ती बहुधा म्हणेल, असं तो कॅन्टीनमध्ये सांगायचा.

तर या बहुधाबाईला एक दीर्घिका सापडली. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा. आपला सूर्य अशाच एका गोतावळ्यातला. ती शोधत होती भलतंच काही. जवळच्या दीर्घिकांचा एक पुंजका ती तपासत होती, आणि त्याच चित्राच्या कडेला, जिकडे कुणी बघत नाही तिकडे, एक अंधूक डाग होता. तो फार दूरचा निघाला. इतका दूरचा की त्याचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीचाच पत्ता नव्हता; म्हणजे दिसत होतं ते त्याचं लहानपणचं रूप. दूर असणं हे नवल नव्हतं, तसे डाग पुष्कळ असतात. नवल त्याच्या पोटात होतं.

ती चित्र घेऊन स्वतः खाली आली. खुर्ची ओढून बसली आणि रंगाऱ्याला समजावू लागली. काही दीर्घिकांच्या मधोमध ताऱ्यांचा एक सरळ दांडा असतो आणि त्याच्या दोन टोकांपासून दोन वळणदार हात निघतात. अशा दीर्घिकेला दंड-सर्पिल म्हणतात. हा दांडा बनायला दीर्घिका आधी शांत व्हावी लागते, स्थिरस्थावर व्हावी लागते. इतक्या लहान वयात दीर्घिका म्हणजे नुसता धुडगूस, तिथे दांडा कुठून येणार, असंच आजवर सगळे धरून चालले होते. आणि या डागात मात्र तो होता.

“म्हणजे, बहुधा,” ती म्हणाली.

रंगाऱ्याने पडद्याला नाक लावून पाहिलं. त्याला तिथे भिंतीवर चिरडलेला डास दिसला. दांडा नाही, हात नाहीत, काही नाही. त्याने तसं सांगितलं. ती म्हणाली, डोळ्यांना दिसणार नाहीच, मोजमापातून निघतं ते. प्रकाशाचा आकार आतून बाहेर कसा बदलत जातो ते बघावं लागतं. चित्र आहे तसंच द्यावं, करडं दिलं तरी चालेल, असं सांगून ती उठली. ती गेल्यावर तो शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला की हिला डास सापडलाय आणि तिला त्याची बारशाची पत्रिका छापायचीय.

दुसऱ्याच दिवशी कॉलरसाहेब स्वतः चित्रविभागात आले. हे ग्रहण लागण्याइतकं दुर्मीळ. त्यांनी डागाकडे पाहिलं, रंगाऱ्याकडे पाहिलं, आणि हे असं दाखवलं तर लोक हसतील, असं म्हणाले. वर्तमानपत्रं येणार आहेत. संस्थेच्या डोक्यावर टांगती तलवार आहे, पुढची मोठी दुर्बीण कुणाच्या वाट्याला जायची ते ठरतंय. शोध लागला आहे हे तर खरंच ना? मग तो दिसायला नको का?

“दांडा जरा उठून दिसू दे,” ते म्हणाले. “खोटं काही करायचं नाही. जे आहे तेच, फक्त नीट.”

‘फक्त नीट’! नवऱ्यामुलाचा बाप स्टुडिओत येऊन अगदी हेच म्हणायचा. रंगाऱ्याला मनातून उकळ्या फुटल्या. म्हणजे एवढी शिकलेली, दाढी राखलेली, सूर्यापलीकडचं बोलणारी माणसं शेवटी त्याच जिन्याने वर आली! त्याने एका दुपारी काम उरकलं. आजूबाजूचा खरखरीतपणा पुसला, मधल्या उजेडाला थोडं ओढलं, थोडं बारीक केलं, आणि चौकटीत शोभेल अशा बेताने सरळ केलं. दोन टोकांना दोन हातांची वळणं दिली. मधे सोनेरी, कडेला निळं. मग त्याला स्वतःलाच ती दीर्घिका दिसायला लागली, आणि त्याला हसू आलं.

छपाईला जाण्याआधी बहुधाबाईने चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग इतकं स्पष्ट नाहीये हो ते, असं हळूच म्हणाली.

“मग जाऊन सांगा साहेबांना,” रंगारी म्हणाला.

ती गेली नाही. तिची नेमणूक कायम व्हायची होती, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. ती जिना चढून आपल्या खोलीत गेली आणि रंगाऱ्याने तिच्या पाठीकडे बघत मान हलवली. आतापर्यंत ती नुसती हास्यास्पद होती. त्या दिवशी ती त्याच्या मनातून पार उतरली.

मग जे सुरू झालं त्याला काही धरबंधच नव्हता. दीर्घिका वर्तमानपत्रात, दीर्घिका बसथांब्यावर, दीर्घिका उशीच्या अभ्र्यावर. कॉलरसाहेब टीव्हीवर दोन्ही हात पसरून दांडा दाखवू लागले, जणू तो स्वतः खांद्यावरून वाहून आणलाय. रंगाऱ्याचा मेहुणा पंप दुरुस्त करायचा, पण ज्ञान वाटण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तो रविवारी जेवायला आला, फोन काढला आणि खुद्द रंगाऱ्याला दीर्घिका समजावू लागला. “बघा भावजी, हा मधला दांडा. निसर्गाची कारागिरी कशी असते! माणसाच्या हाताला जमेल का हे?” रंगारी जेवत राहिला. मेहुण्याला खरं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बायकोला मात्र त्याने सांगितलं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर मेणात लोकांच्या हिरड्या बघायच्या आणि खोटे दात खऱ्यासारखे वाकडे बसवायचे, हे तिचं काम. तिने सगळं ऐकून घेतलं. त्याला वाटलं, ती हसेल.

“मी पण खोटे दात करते,” ती म्हणाली. “पण माणूस त्याने जेवतो. आणि ते खोटे आहेत हे त्याला माहीत असतं. तुम्ही सगळ्या जगाला नावं ठेवता की त्यांना दिसत नाही. अहो, दिसू नये याची सोय कोण करतं?”

तो उठून बाहेर गेला. बायको कारखान्यातली, तिला काय कळतंय, असं म्हणून बघितलं. पण तो तिला बरा ओळखत होता, त्यामुळे ते काही नीटसं पचलं नाही.

काही महिन्यांनी बिंग फुटलं. दुसऱ्या एका वेधशाळेतल्या मंडळींनी मूळचं करडं चित्र मागवलं, शेजारी छापलेलं सोनेरी चित्र ठेवलं, आणि विचारलं, हा दांडा आला कुठून? शोधनिबंधात ‘बहुधा’ आहे, तो चित्रात का नाही? आणि चित्रच खोटं असेल तर मोजमापावर तरी कुणी विश्वास का ठेवावा? जे वर्तमानपत्र दीर्घिकेला मिठ्या मारत होतं त्याच्याच पहिल्या पानावर आता ‘आकाशातला बनाव’ आला. चौकशी समिती बसली.

बैठकीच्या आधी कॉलरसाहेबांनी रंगाऱ्याला बोलावलं, खुर्ची दिली, चहासुद्धा दिला. म्हणाले, तुम्ही म्हणा, उत्साहाच्या भरात झालं. तांत्रिक कर्मचाऱ्याची चूक म्हटलं की विषय मिटतो, तुम्हालाही फार काही होणार नाही. रंगाऱ्याने चहा पूर्ण प्यायला आणि उठला. आत त्याची आतषबाजी तयार होती. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तो त्या टेबलावर ओतणार होता. प्रत्येकाला त्याचं त्याचं नाव सांगणार होता, कॉलरसाहेबांना आधी.

लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, पाच-सहा गंभीर चेहरे. अध्यक्षांनी घसा साफ केला. ते रंगाऱ्याकडे वळणार तेवढ्यात बहुधाबाई उभी राहिली. तिने दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

“चित्र छापण्याआधी मी पाहिलं होतं,” ती म्हणाली. “ते चूक आहे हे मला कळत होतं. नोकरीच्या भीतीने मी गप्प बसले. शोध माझा आहे, तर दोषही माझा.”

एकही बहुधा नव्हता त्यात. रंगाऱ्याची आतषबाजी जागच्या जागी भिजली. ज्या बाईला त्याने मनातून कधीच हद्दपार केलं होतं तिने ते आधी बोलून टाकलं, आणि तेही स्वतःबद्दल. त्याची पाळी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला की साहेबांनी दांडा उठून दिसू दे म्हणून सांगितलं, आणि ओढला त्याने स्वतः. वर एक वाक्य, जे त्याने ठरवलं नव्हतं:

“मला तिथे काहीच दिसत नव्हतं. तरी ओढला. मला वाटलं, कुणाला कळतंय.”

निकाल व्हायचा तसा झाला. चित्र मागे घेतलं गेलं. कॉलरसाहेबांना शिक्षा म्हणून वरच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर पाठवलं, कारण मोठ्या माणसाला खाली ढकलायला जागाच नसते. बहुधाबाईची नेमणूक लांबणीवर पडली. रंगाऱ्याला चित्रविभागातून काढून तळमजल्यावर कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या कामावर बसवलं. मेहुणा आता म्हणू लागला की त्याला पहिल्यापासूनच त्या दांड्याचा संशय होता.

दोन-अडीच वर्षं गेली. मग परदेशातल्या एका नव्या, फार मोठ्या दुर्बिणीने तोच डाग पाहिला आणि चित्र जाहीर केलं. दांडा होता! चांगला ठसठशीत, दोन टोकांना दोन हात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसं झालं. बहुधाबाईचं मोजमाप खरं निघालं, याचा आनंद दोघातिघांनाच झाला. बाकीच्यांना आनंद झाला तो वेगळाच: आपलं चित्र खोटं नव्हतंच मुळी! ज्यांनी रंगाऱ्याकडे बघणं सोडलं होतं ते त्याला जिन्यात थांबवून हात मिळवू लागले. कलाकाराची नजर म्हणतात ती हीच, म्हणाले. शास्त्राला जे नंतर कळलं ते तुम्हाला आधीच दिसलं होतं.

रंगाऱ्याने हात सोडवून घेतला. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडून चुकून खरं निघालं, तर लगेच त्याची आरती ओवाळायची!

तो तिसऱ्या मजल्यावर गेला, बऱ्याच दिवसांनी. बहुधाबाईने त्याला बसायला सांगितलं आणि न विचारताच पडद्यावर दोन चित्रं शेजारी लावली. त्याचं जुनं सोनेरी आणि नवं. तिने बोट ठेवलं. नवीन चित्रातला दांडा तिरपा होता, तिच्या निबंधात लिहिला होता तेवढाच. रंगाऱ्याचा आडवा, चौकटीत शोभेल असा. दोघांत चांगलं अंतर होतं.

“म्हणजे मी ओढला तो चुकीचाच,” तो म्हणाला.

“साफ चुकीचा,” ती म्हणाली.

गेल्या कित्येक वर्षांत एवढं स्वच्छ बोलणं त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. त्याला चक्क बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात सत्कार ठेवला. कॉलरसाहेब वरच्या कचेरीतून खास आले, आणि काळाच्या पुढे असणाऱ्यांना त्रास हा सोसावाच लागतो, असं स्वतःविषयी बोलले. बहुधाबाईला पुष्पगुच्छ मिळाला. मग रंगाऱ्याला दोन शब्द बोलायला लावलं. मागे पडद्यावर दोन्ही चित्रं होती, भिंतीएवढी. तो म्हणाला, जरा नीट बघा. माझा दांडा एकीकडे जातो, खरा दांडा दुसरीकडे. मला काही दिसलं नव्हतं, मी मनाने ओढला. मोजून काढला तो या बाईंनी. एवढं सांगून तो थांबला आणि सभागृहाकडे पाहत राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. केवढा हा विनय, पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. मागच्या रांगेत मेहुणा उभा राहून टाळ्या वाजवत होता. दोन भिंतीएवढी चित्रं, दोन दिशांना जाणारे दोन दांडे, आणि त्यांच्याकडे बघतंय कोण? सगळे त्याच्याकडे बघत होते. फक्त बायको मान तिरकी करून पडद्याकडे बघत होती, आणि तिने हाताने हवेत आधी एक रेघ काढून पाहिली, मग दुसरी.

दुसऱ्या दिवशी त्याने बहुधाबाईकडे ते पहिलं करडं चित्र मागितलं, डासाचं. पुष्कळ वेळ पाहिलं. आता त्यात दांडा दिसत होता, तिरपा, पुसट.

“दिसतोय?” तिने विचारलं.

“दिसतोय. पण आता माहीत आहे ना, म्हणून दिसतोय. याला काही अर्थ नाही.”

“नाहीच,” ती म्हणाली. “माझा तरी माझ्या डोळ्यांवर कुठे विश्वास आहे? म्हणून तर मोजत बसते.”

डोळ्यांवर विश्वास नसलेलं दुसरं माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. त्याने त्या अविश्वासातून जन्मभर दुसऱ्यांची टर उडवली होती, आणि ही बाई त्याच अविश्वासातून गुपचूप मोजमापं काढत बसली होती. त्याने तिला मोजतात कसं ते विचारलं. तिने दाखवायला सुरुवात केली. त्याला निम्मंही कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्याने सांगितलं.

नव्या प्रमुखांनी त्याला परत चित्रविभागात घेतलं. त्याने एकच अट घातली, की रंगीत चित्राशेजारी करडं चित्रही लागेल, तेवढंच मोठं. ते म्हणाले, लावा की. आता खालच्या दालनात तशी जोडीजोडीने चित्रं आहेत. लोक येतात, रंगीत चित्रापुढे गर्दी करतात, करड्याला पाठ लावून फोटो काढतात. रंगाऱ्याचं त्यांच्याविषयीचं मत होतं तेच आहे. फक्त दुपारी जेवण झालं की तो दालनात एक फेरी मारतो, आणि पाठी टेकून टेकून करड्या चित्रांच्या काचेवर उठलेले डाग फडक्याने पुसून येतो.